चौथ्या नौकेतले आम्ही

मराठी माणसाच्या मनातले केम्ब्रिज हे परीक्षेचे गाव आहे. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तिथल्या गणिताच्या परीक्षेत विभागून पहिले आले, आणि 'रँग्लर' ही पदवी त्यांच्या आडनावाला अशी चिकटली की ती पुढे नावाचाच भाग होऊन बसली. साठ वर्षांनी, १९५९ साली, जयंत नारळीकरांनी तोच मान मिळवला. शाळेत असताना आमच्या कानांवर या दोन्ही कथा इतक्या वेळा पडल्या होत्या, की त्या गावात परीक्षेखेरीज आणखी काही होत असेल अशी शंकाही आम्हाला आली नव्हती. परांजप्यांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला 'एटी-फोर, नॉट आउट' असे चक्क क्रिकेटच्या धावफलकावरचे नाव दिले (१९६१), ही गोष्ट मात्र आम्हाला कोणी सांगितली नव्हती. परीक्षेच्या त्या महापुरुषाला चौऱ्याऐंशी वर्षांच्या आयुष्याचा हिशेब मांडताना गुणांची भाषा सुचू नये, खेळाची सुचावी, याचा अर्थ समजायला आम्हाला तिथे जाऊन अनुत्तीर्ण व्हावे लागले.

२००३ च्या ऑक्टोबरात आम्ही केम्ब्रिजला पीएच.डी.साठी दाखल झालो. विषय होता एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिकांचे गद्य, आणि त्यातही एक बारीकशी गोष्ट: या गद्यात संपादक स्वतःला 'आम्ही' म्हणतो, त्या सर्वनामाची घडण. १८३२ च्या 'दर्पणा'पासून १८७४ च्या 'निबंधमाले'पर्यंत आणि पुढे १८८१ च्या 'केसरी'पर्यंत हा 'आम्ही' कसा बळावत गेला, हे आम्ही दाखवणार होतो. विषय आम्हाला फार सूक्ष्म वाटत असे. सकाळी नऊला ग्रंथालयात जावे, दुपारी पाव खावा, संध्याकाळी खोलीवर परतावे. साडेचार वाजता अंधार पडणाऱ्या त्या गावात आठ-आठ दिवस 'थँक यू' आणि 'सॉरी' यांपलीकडे एक शब्दही तोंडातून निघत नसे. 'आम्ही' या शब्दावर संशोधन करणारा माणूस दिवसभर 'मी' म्हणायलाही कोणी नाही म्हणून गप्प होता.

तिथे विद्यापीठ एक असले तरी महाविद्यालये तीसएक आहेत, आणि विद्यार्थ्याचे राहणे, जेवणे, खेळणे या महाविद्यालयांत चालते. विद्यापीठाच्या संघात जाऊन ऑक्सफर्डविरुद्ध खेळणे ही मोठी गोष्ट. तसे खेळणाऱ्याला 'ब्लू' म्हणतात. रणजितसिंहजींना तो मान १८९३ साली मिळाला. त्याच्या खाली महाविद्यालयांचे आपापसांतले सामने असतात, आणि त्यांत प्रत्येक महाविद्यालयाचा पहिला संघ, दुसरा संघ, जमल्यास तिसरा संघ. पहिल्या संघाला खेळ येतो. दुसऱ्याला येतो असे वाटते. तिसऱ्या संघाविषयी असा कोणताही समज नसतो. आमच्या जिन्याखालच्या फलकावर नोव्हेंबरात एक कागद लागला: फुटबॉलच्या तिसऱ्या संघात शनिवारी दोन माणसे कमी आहेत, बूट असले तरी पुरे. आमच्याकडे बूटही नव्हते. ते एका जर्मन विद्यार्थ्याने दिले. तो धर्मशास्त्र शिकत होता आणि गोलरक्षक होता.

इथे आपल्याकडच्या व्यवस्थेची आठवण करणे भाग आहे. आमच्या शाळेत आणि नंतर महाविद्यालयात खेळ होते, मैदान होते, क्रीडाशिक्षकही होते. परंतु खेळणारे कोण, हे जून महिन्यात निवड चाचणीच्या दिवशी ठरत असे. त्या दिवशी जे निवडले जात ते 'खेळाडू'; उरलेले आम्ही प्रेक्षक. खेळाडूंना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळत, म्हणजे खेळ हीसुद्धा शेवटी गुणपत्रिकेचीच एक ओळ. ज्याला खेळता येत नाही त्याने खेळावे, याला आपल्या शिक्षणात जागाच नाही. याचा अर्थ आपल्याला हौस कळत नाही असा मात्र नव्हे. राज्य नाट्य स्पर्धेच्या नावातच 'हौशी' हा शब्द आहे. बँकेतला कारकून आणि तालुक्याच्या शाळेतली शिक्षिका वर्षानुवर्षे तिथे तोंडाला रंग लावत आली आहेत. जत्रेला येणाऱ्यांचे आपण हौशे, नवशे आणि गवशे असे तीन वर्ग करतो. नवस फेडायला आलेल्याला आणि काही गवसते का पाहायला आलेल्याला निदान काही काम तरी असते. हौशा नुसताच आलेला असतो, आणि तरी यादीत त्याचे नाव पहिले! आमच्या शिक्षणाने आम्हाला नवसाचे करून सोडले होते. शिष्यवृत्ती हा नवसच होता. हौशे होणे आम्ही सत्ताविसाव्या वर्षी शिकलो.

तिसऱ्या संघाने त्या हिवाळ्यात बरेच सामने गमावले. आम्ही उजव्या बाजूला बचावाला उभे राहत असू, आणि चेंडू आपल्याकडे येऊ नये अशी मनोमन इच्छा करीत असू. पहिल्या सामन्यात आमच्या पायाला लागून चेंडू आमच्याच जाळ्यात गेला. आम्ही क्षमा मागायला वळलो, तर कप्तान पुढच्या फेकीसाठी चेंडू मध्यावर नेत होता. कोणी काही बोलले नाही. हे सौजन्य आहे की उपेक्षा, हे आम्हाला पुष्कळ दिवस उमगले नाही. सामना संपल्यावर सगळ्यांनी मिळून जाळी सोडवून गुंडाळली, तिचे एक टोक आमच्या हातात दिले गेले, आणि त्या आठवड्यात प्रथमच आम्ही कोणाशी तरी दोन तास बोललो.

वसंतात याच जर्मन मित्राने आम्हाला नदीवर नेले. केम्ब्रिजच्या कॅम नदीला नदी म्हणणे मुळा-मुठेच्या काठी वाढलेल्या माणसालाही जड जाईल, इतकी ती अरुंद आहे. दोन नौका शेजारी ठेवून शर्यत लावायची तर पात्र पुरत नाही. या अडचणीतून तिथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक विलक्षण शर्यत जन्मली. तिला 'बम्प्स' म्हणतात. आठ वल्हेकरी आणि एक सुकाणूवाला, म्हणजे 'कॉक्स', अशा सतरा नौका एकामागे एक उभ्या करतात. दोहोंमध्ये अंतर दीड नौकेचे. तोफेचा पहिला बार होतो तेव्हा चार मिनिटे उरलेली असतात, दुसऱ्याला एक मिनिट, आणि तिसऱ्या बाराबरोबर कॉक्स हातातली साखळी सोडतो. मागच्या नौकेने पुढच्या नौकेला गाठून धडक द्यायची, आपल्या मागची नौका धडक देण्यापूर्वी. धडक बसली की दोघींनी काठाला व्हायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागा बदलून उभ्या राहतात. असे चार दिवस चालते. शेवटच्या दिवशी ज्या क्रमाने नौका थांबतात त्याच क्रमाने पुढच्या वर्षी त्या सुरू होतात. त्यामुळे आपण कुठून निघणार हे ज्यांची नावेही ठाऊक नाहीत अशा आधीच्या लोकांनी ठरवलेले असते, आणि आपण जिथे पोहोचू तिथून कोणी अनोळखी माणसे निघणार असतात. चारही दिवस धडक देणाऱ्या चमूला 'ब्लेड्स' म्हणजे वल्ह्याच्या पात्याचा मान मिळतो. चारही दिवस धडक खाणाऱ्याला 'स्पून्स', म्हणजे चमचा. उन्हाळ्यातल्या या शर्यतीला 'मे बम्प्स' असे नाव असून ती जूनमध्ये होते. याचे कारण विचारणारा माणूस तिथे नवखा समजला जातो.

आमची नौका चौथी होती. म्हणजे महाविद्यालयाच्या पुरुषांच्या तीन नौका भरून उरलेल्या माणसांची. तिच्यात रसायनशास्त्राचा एक पोलिश संशोधक, तो जर्मन धर्मशास्त्री, कायद्याचे दोन विद्यार्थी, पदवीच्या पहिल्या वर्षाची तीन उंच मुले आणि आम्ही होतो. कॉक्स भूगोल शिकणारी एक वेल्श मुलगी होती. इतक्या खालच्या नौकांना मुख्य शर्यतीत उतरण्याआधी एक पात्रता शर्यत द्यावी लागते. तिच्यासाठी आम्ही दोन महिने पहाटे साडेपाचला नदीवर जात होतो. आठ माणसांनी एका क्षणी पाते पाण्यात घालायचे आणि एका क्षणी बाहेर काढायचे, एवढीच या खेळाची विद्या. ती कधीही पूर्ण साधत नाही. वल्हवणारा माणूस, जिथे जायचे त्या दिशेला पाठ करून बसतो. पुढे काय आहे हे नौकेत एकट्या कॉक्सला दिसते. आपल्याला दिसते ती समोरच्याची पाठ, आणि आपण सोडून आलेले पाणी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमची पहिल्या वर्षाची तोंडी परीक्षा झाली. तिथे पहिल्या वर्षी विद्यार्थी उमेदवार असतो. अहवाल लिहून द्यावा लागतो, दोन परीक्षक त्यावर प्रश्न विचारतात, आणि त्यांचे समाधान झाल्यावरच पीएच.डी.साठी नाव पक्के होते. आमच्या अहवालात 'निबंधमाले'तल्या 'आम्ही'चे व्याकरण होते, लय होती, इंग्रजी नियतकालिकांशी तुलना होती. एका परीक्षकाने शांतपणे विचारले, "या 'आम्ही'त कोण नाही?" आम्ही उत्तर दिले की संपादकीय बहुवचन हे आदरार्थी असते, त्यात व्यक्ती मोजायच्या नसतात. त्यांनी पुन्हा विचारले. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत, एकात ऐकणारा बाहेर राहतो, दुसऱ्यात आत येतो, हे आम्हीच पहिल्या पानावर लिहिले होते. मग चिपळूणकर 'आम्ही' म्हणतात तेव्हा बाहेर कोण राहतो? ज्या 'निबंधमाले'ने जोतीराव फुल्यांच्या लेखनाची टर उडवली तिचा 'आम्ही', आणि १८७७ साली सुरू झालेल्या 'दीनबंधू'चा 'आम्ही', हे एकच सर्वनाम कसे? आमच्या अहवालात 'दीनबंधू'चा उल्लेख एका तळटिपेत होता. अहवाल परत आला. ऑक्टोबरपर्यंत नव्याने लिहून द्यावा. निर्णय रास्त होता. अहवाल अपुरा होता, आणि तो कशामुळे अपुरा आहे हे वर्षभर आम्हाला दिसले नव्हते, कारण ते आमच्या पाठीमागे होते.

घरी काय कळवावे हा प्रश्न होता. आम्ही काहीच कळवले नाही. पुढच्या बुधवारी बम्प्स सुरू होणार होत्या, आणि त्यांतून अंग काढून घ्यावे असे आम्ही ठरवले. अनुत्तीर्ण माणसाने नदीवर जाणे आम्हाला अशोभनीय वाटले. कॉक्सला तसे सांगायला गेलो. ती म्हणाली की आठांपैकी एक नसेल तर उरलेल्या सातांनाही जाता येणार नाही. यात सांत्वन नव्हते, विनंतीही नव्हती, ते नौकेचे गणित होते. आम्ही गेलो.

पहिल्याच दिवशी, ग्रासी कॉर्नर नावाच्या वळणापाशी, मागची नौका पाऊण लांबीवर आली असताना आमचे वल्हे पाण्यात अडकले. पाते तिरपे पडले की पाणी ते आत ओढते, दांडा उलटून छातीवर येतो, आणि नौका जागच्या जागी थबकते. याला तिथे 'क्रॅब' म्हणतात, जणू खाली खेकड्याने वल्हे धरले. काठावर सायकलींवरून धावणारे लोक ओरडत होते, शिट्ट्या वाजत होत्या. दांडा सोडवून आम्ही सरळ बसतो तोवर मागच्या नौकेचे टोक आमच्या नौकेवर आदळले होते. दोष शंभर टक्के आमचा होता आणि तो नऊ जणांना आणि काठावरच्या कितीतरी लोकांना दिसला होता.

संध्याकाळी काठावरच्या बाकांवर बसलो असताना पहिल्या नौकेतला कोणी येऊन विचारता झाला, काय झाले? कॉक्सने उत्तर दिले, "वी कॉट अ क्रॅब." तिने आमच्याकडे पाहिलेही नाही. हे वाक्य आम्ही नंतरच्या वर्षांत पुष्कळदा मनाशी मराठीत करून पाहिले आहे. 'आमचे वल्हे अडकले' असे ते होत नाही. त्यात आम्ही एकटे राहतो, नाहीतर विचारणारा बाहेर राहतो. 'आपले वल्हे अडकले' हेच त्याचे मराठी. त्यात विचारणारा पहिल्या नौकेतला मनुष्यही येतो, कारण महाविद्यालय एक. इंग्रजीत हा भेद नाही, दोन्हींना एकच शब्द. म्हणून त्या शब्दात आपण आत आहोत की बाहेर, हे व्याकरणावरून कळत नाही. ते कोणी चूक वाटून घेतली यावरून कळते.

उत्तम संघात 'आपण' यशावर उभे असते. तिथे आत यायला यश आणावे लागते. चौथ्या नौकेकडे वाटायला यश नसते. तिच्याकडे वाटायला असतात फक्त चुका, आणि त्या रोज पुरेशा होतात. वर्षभर आमच्या प्रत्येक शब्दाचे कोणीतरी मोल करत होते, आम्ही स्वतः सर्वांत कठोरपणे. पहाटेच्या त्या नदीवर मात्र आमची किंमत विचारण्याचे कोणाच्याही मनात आले नाही. फुटबॉलच्या मैदानावर आम्हाला जी उपेक्षा वाटली होती ती हीच, आणि ती उपेक्षा नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा आम्हाला धडक बसली. तिसऱ्या दिवशी आम्ही धडक न देता, न खाता शेवटपर्यंत वल्हवले. चौथ्या दिवशी पुन्हा धडक बसली. म्हणजे चमचाही नाही. अपयशातसुद्धा सलगपणा राहिला नाही.

इथे थांबलो तर ही एक गोड आठवण होईल, आणि ती अर्धीच खरी असेल. परीक्षकांचा प्रश्न आम्हाला आता नदीवरही विचारावासा वाटू लागला: या 'आपण'त कोण नाही? तो विचारला की त्या देशातल्या हौशीपणाचा इतिहास दिसू लागतो, आणि तो फारसा गोड नाही. हेन्ली येथील प्रसिद्ध नौकाशर्यतीने १८७९ साली 'हौशी' वल्हेकऱ्याची जी व्याख्या केली तिने यंत्रकामगार, कारागीर आणि मजूर यांना वगळले होते. जो अंगमेहनतीने पोट भरतो तो हौशी असू शकत नाही, असा त्यामागचा न्याय. १९२० साली जॉन केली या अमेरिकन वल्हेकऱ्याचा प्रवेश तिथे नाकारला गेला. त्याने वीटकाम केले होते, हे त्याचे एक कारण. त्याच वर्षी तो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकला. नियमातली ती अट १९३७ पर्यंत टिकली. क्रिकेटमध्ये हौशी ते 'जंटलमेन' आणि पैसे घेऊन खेळणारे ते 'प्लेअर्स'. धावफलकावर हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी छापत, व्यावसायिकाची आडनावानंतर. मुद्रणातसुद्धा पायरी सांभाळली जात असे. हा भेद १९६२ साली संपला. केम्ब्रिजच्याच पार्कर्स पीस या सार्वजनिक मैदानावर जॅक हॉब्स क्रिकेट शिकला. त्याचे वडील एका महाविद्यालयाच्या मैदानाची निगा राखत. इंग्लंडच्या सर्वश्रेष्ठ फलंदाजांपैकी एक असलेला हा माणूस जन्मभर 'प्लेअर'च राहिला, आणि १९५३ साली 'सर' झाला तेव्हा व्यावसायिक क्रिकेटपटूला ती पदवी मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

साहित्याच्या वाचकाला याच नदीवर आणखी एक बापलेकीची जोडी आठवेल. लेस्ली स्टीफन हे ट्रिनिटी हॉल या महाविद्यालयात अध्यापक असताना तिथल्या वल्हेकऱ्यांना काठावरून धावत शिकवीत. त्यांची मुलगी व्हर्जिनिया वुल्फ. १९२८ च्या ऑक्टोबरात केम्ब्रिजमधल्या स्त्रियांच्या दोन महाविद्यालयांत तिने भाषणे दिली, आणि त्यांतून १९२९ साली 'अ रूम ऑफ वन्स ओन' हे पुस्तक झाले. त्यातली निवेदिका विचारांच्या भरात महाविद्यालयाच्या हिरवळीवर पाऊल टाकते आणि एक चपराशी तिला तिथून हाकलतो. हिरवळ पुरुषांसाठी, तिच्यासाठी खडीची वाट. केम्ब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला सुरुवात केली ती १९४८ साली. आमच्या नौकेचे सुकाणू एका मुलीच्या हाती होते, आणि तिच्या शब्दावर आठ पुरुष वल्हे उचलत होते, यातले काहीही परंपरेने चालत आलेले नव्हते. कोणी किती किमतीचा हे विचारायचे नाही, असा निर्णय तिथे कोणीतरी केव्हातरी घेतला होता, आणि तो फार जुना नव्हता.

त्या जुलैत संशोधक विद्यार्थ्यांचा क्रिकेट संघ आसपासच्या खेड्यांशी खेळायला जाऊ लागला, आणि भारतीय म्हणून आम्हाला कोणीही न विचारता चौथ्या क्रमांकावर पाठवण्यात आले. शाळेत आम्ही बारावे गडी होतो, हे सांगण्याइतका वेळ मिळाला नाही. ओलसर खेळपट्टीवर चेंडू हवेत वळला आणि आम्ही दोन धावा काढून परतलो. पुढच्या रविवारी आम्हाला नवव्या क्रमांकावर ठेवले. याहून अधिक चर्चा झाली नाही. सामन्याच्या मध्यावर चहा असतो. खेड्यातले लोक तो घरून करून आणतात: काकडीचे सँडविच, केक, किटलीत चहा. पॅव्हेलियन म्हणजे लाकडाची एक खोली. त्या खोलीत दोन्ही संघ एका लांब टेबलाभोवती बसले होते, आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्या पंचांनी आमच्या पांढऱ्या कपात चहा ओतला. तेव्हा आम्हाला पळवणकर बाळू आठवले.

बाळू चांभार समाजातले. पुण्यात आधी पारशांच्या आणि मग गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याचे काम करता करता ते गोलंदाज झाले. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले, कारण त्यांच्याशिवाय जिंकता येत नव्हते. मैदानात चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरत असे. चहाच्या वेळी इतर खेळाडू आत चिनी मातीच्या कपांतून चहा पीत, आणि बाळूंना तो पॅव्हेलियनबाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात दिला जाई. रामचंद्र गुहा यांनी हे नोंदवून ठेवले आहे. १९११ साली हेच बाळू भारतीय संघाबरोबर इंग्लंडला आले, त्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, आणि केम्ब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले. हिंदू संघाचे कप्तानपद त्यांच्याकडे कधी सोपवले गेले नाही. १९२३ साली ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. बाळू गुणवत्तेच्या बळावर संघात आले होते, आणि गुणवत्तेने त्यांना मैदान मिळाले, चहाचा कप मिळाला नाही. आमच्याजवळ गुणवत्ता मुळीच नव्हती, आणि कप आमच्या हातात होता. हा विरोधाभास आम्ही त्या टेबलाशी कोणाला सांगू शकलो नाही. सांगितला असता तर तो इंग्लंडच्या स्तुतीसारखा वाटला असता, आणि हेन्लीचा नियम ठाऊक असलेल्या माणसाला तशी स्तुती करता येत नाही. बाळूंना बाहेर बसवणारे आमचेच लोक होते, आणि वर्षभर ज्या 'आम्ही'ची लय आम्ही मोजत होतो तो 'आम्ही' त्याच पॅव्हेलियनमध्ये आत बसून चहा पीत होता. परीक्षकांनी जे दोनदा विचारले होते त्याचे उत्तर आम्हाला त्या कपात सापडले, असे म्हणणे नाटकी होईल. पण त्या संध्याकाळी खोलीवर परतल्यावर अहवालातली ती तळटीप उचलून आम्ही पहिल्या प्रकरणाच्या आरंभी ठेवली, एवढे खरे. ऑक्टोबरात नाव पक्के झाले. मग घरी दोन्ही बातम्या एकाच पत्रात कळवल्या.

या सगळ्याला आता वीस वर्षे होऊन गेली. आम्ही एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या इथेही जूनमध्ये निवड चाचणी होते आणि त्या दिवसानंतर मैदान वीस-पंचवीस मुलांचे होते. बाकीचे शेकडो जण कठड्यावर बसून मोबाइल पाहतात. आंतरमहाविद्यालयीन सामने, करंडक, वर्तमानपत्रातले छायाचित्र हे सर्व हवेच. त्याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. चांगले खेळणाऱ्याला खेळता आलेच पाहिजे, आणि बाळूंना तर त्यासाठीच आयुष्यभर झगडावे लागले. परंतु ज्याला खेळ येत नाही त्यालाही चूक करायला आणि ती वाटून घ्यायला एक जागा लागते. ती वर्गात मिळणे कठीण असते, कारण वर्गात शेवटी आम्ही गुण देणार असतो. म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही क्रीडाशिक्षकांकडून शुक्रवारची संध्याकाळ मागून घेतली. मैदानाचा खालचा कोपरा, एक चेंडू, दोन खो-खोचे खांब. संघ उभे करताना कोणी कोणाला निवडायचे नाही. आलेल्यांनी ओळीत उभे राहायचे आणि एक आड एक इकडे-तिकडे व्हायचे. आम्ही स्वतःही ओळीत असतो, आणि आमचा गुडघा आता फार वेळ साथ देत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर द्वितीय वर्षाची एक मुलगी तीन शुक्रवार कठड्याशी उभी राहून परत गेली. चौथ्या शुक्रवारी ती आत आली आणि म्हणाली, "सर, मला यातले काहीच येत नाही. चालेल का?"

आम्ही म्हणालो, "आपल्याला येतच नाही. ये, ओळीत उभी राहा."